नव्या घराला त्रयस्थाची साक्ष हवी : अहिल्यानगरच्या महापालिका आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
अहिल्यानगर महानगरपालिका

महोदय,



३० जून २००३ रोजी नगरची नगरपालिका जाऊन तिच्या जागी महानगरपालिका आली, त्यास आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे; आणि एवढ्या अवधीत सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, बुरूडगाव या बाजूंस, जेथे पूर्वी शेते आणि तुरळक वस्त्या होत्या तेथे, बंगले, रो-हाउसे आणि सदनिकांच्या इमारती यांची दाटी झाली आहे. या घरांत राहावयास येणारी माणसे बहुतांशी मध्यम स्थितीतील आहेत. कोणी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत उभे आयुष्य घालविलेला कामगार, कोणी पाथर्डी-जामखेडकडून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात उतरलेला शिक्षक, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेला फंड एकरकमी घरात घालणारा कारकून. आणि या सर्वांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार कोणता म्हणाल, तर तो घर घेण्याचा. हा व्यवहार ज्या एका बाबतीत आजही केवळ समोरच्याच्या शब्दावर चालतो, ती बाब आपल्यापुढे ठेवावी आणि आपल्या अधिकारक्षेत्रात येणारी एक तजवीज मागावी, यास्तव हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मागणी अशी की, कोणत्याही नव्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी, विकासकाशी ज्याचा कसलाही आर्थिक संबंध नाही अशा अभियंत्याकडून तिची तपासणी झालीच पाहिजे, आणि त्या तपासणीचा अहवाल घर घेणाऱ्याच्या हाती पडलाच पाहिजे.

कागदपत्रांच्या बाबतीत आपला नगरी माणूस बेसावध नाही. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा हे सारे तो डोळ्यांखालून घालतो. गेल्या तीस वर्षांत जमीन कोणाकोणाच्या नावावर फिरली याचा शोध अहवाल वकिलाकडून करवून घेतो. कर्ज देणारी बँक आपल्या यादीतला वकील आणि आपला मूल्यनिर्धारक पाठवून स्वतःची खातरजमा वेगळी करते. आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुद्रांक शुल्क भरून, अंगठा आणि छायाचित्र देऊन दस्त नोंदला जातो. परंतु ही सारी चौकशी जमिनीच्या हक्काची आणि कर्जाच्या तारणाची असते. ज्या स्लॅबखाली त्याची मुले निजणार, त्या स्लॅबमध्ये आराखड्याप्रमाणे सळई पडली की नाही, हे पाहणारा त्याच्या बाजूचा एकही माणूस या सबंध व्यवहारात कोठे आढळत नाही. ताबा घेण्याच्या दिवशी तो फरशीची चकाकी, भिंतीचा रंग आणि नळाची तोटी पाहतो, नारळ फोडतो, आणि किल्ली घेऊन आत जातो.

घर नवे आहे म्हणजे ते निर्दोष असणार, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की त्याची चिकित्सा करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः जुन्या घराची परीक्षा काळाने घेतलेली असते. वीस पावसाळे त्याने काढले, की गळावयाचे ते गळून आणि खचावयाचे ते खचून त्याचे गुणदोष उघड्यावर आलेले असतात. नव्या घराने मात्र एकही पावसाळा पाहिलेला नसतो, त्याच्या पाण्याच्या टाक्या पुरत्या भरलेल्या नसतात, त्याच्या मजल्यांवर संसारांचा भार चढलेला नसतो. आणि त्याच्यात जे काही उणे असेल ते गिलाव्याने, रंगाने आणि फरशीने नुकतेच झाकलेले असते. बांधकामातील अत्यंत गंभीर दोष हे स्वभावतःच अदृश्य असतात. कॉलमच्या रिंगा ठरल्यापेक्षा दूर दूर बांधल्या गेल्या, भूकंपाच्या दृष्टीने त्यांची टोके १३५ अंशांत आत वळवावयास हवी होती ती ९० अंशांतच सोडली, सळईभोवती कॉंक्रीटचे जे आवरण राहावयास हवे ते कव्हर ब्लॉकच्या अभावी राहिले नाही, वायब्रेटर नीट न फिरल्यामुळे बीमच्या पोटात पोकळ्या राहिल्या, हे सेंट्रिंग उघडल्यावर घटकाभर दिसते आणि गिलावा झाला की कायमचे दृष्टिआड होते. त्यानंतर हवा आणि ओल सळईपर्यंत पोहोचावयास काही वर्षे लागतात, गंजलेली सळई फुगते, कॉंक्रीटचे पोपडे सुटू लागतात. आणि तोवर बांधणारा आपला हिशेब चुकता करून दुसऱ्या जागेवर गेलेला असतो. दोष झाला तेव्हा तो दुरुस्त करणे सोपे होते, पण तेव्हा तो कोणी पाहिला नाही. आणि तो सर्वांना दिसू लागला, तेव्हा दुरुस्तीचा भार ज्याचा काही अपराध नाही अशा माणसावर पडला.

आपल्या जिल्ह्याची माती आणि पाणी ही या बाबतीत अधिक दक्षता मागणारी आहेत. नगर हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या मातीत पाया घालताना खाली कठीण मुरूम अथवा खडक लागेपर्यंत गेले पाहिजे, किंवा मातीची परीक्षा करून त्यास अनुरूप अशी पायाची रचना केली पाहिजे. तसे न करता वरच्या थरावरच जोते उभे केले, तर दरवर्षी मातीच्या हालचालीबरोबर भिंतीही हलतात, आणि दरवाजाच्या चौकटीपासून निघणाऱ्या तिरप्या तड्यांनी त्याची वार्ता दिल्यावाचून राहत नाही. राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात, जेथे कालव्याच्या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या ऊस झाला, तेथे काही जमिनी चोपण आणि पाणथळ झालेल्या आहेत, आणि त्याच जमिनींवर आता वसाहती उठत आहेत. तेथील पायाचा प्रश्न आणखी बिकट.

पाण्याचेही तसेच. कॉंक्रीटची मजबुती सिमेंटवर जितकी अवलंबून असते तितकीच ते ओतल्यानंतर मारलेल्या पाण्यावर असते. भारतीय मानक ४५६ अन्वये साध्या सिमेंटचे कॉंक्रीट किमान ७ दिवस, आणि उष्ण-कोरड्या हवेत किंवा मिश्र सिमेंट वापरले असता किमान १० दिवस, अखंड ओले ठेवावे लागते. वैशाखात ज्या शहरात पिण्यासाठी नळाची वाट पाहावी लागते, तेथे स्लॅबवर दहा दिवस पाणी राहिले की नाही, हे कोणी पाहिले? शिवाय जे पाणी मिळते ते बहुधा विंधन विहिरीचे अथवा टँकरचे. त्याच मानकाप्रमाणे सळई असलेल्या कॉंक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपलीकडे जाता कामा नये. क्लोराइडचे दुष्परिणाम काय असतात हे गुरुग्रामच्या एका उंच, महागड्या वसाहतीने देशाला दाखविले आहे : फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील सहाव्या मजल्यावरच्या घरापासून खालपर्यंत छते कोसळून दोन स्त्रिया दगावल्या, आणि दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत तेथील कॉंक्रीटमध्ये क्लोराइड आढळून सळई गंजल्याचे निष्पन्न झाले. त्या इमारतींत लोक राहावयास येऊन फार वर्षे झालेली नव्हती. बांधकामाच्या पाण्याची साधी परीक्षा प्रारंभीच झाली असती तर तिला किती खर्च आला असता, याचा विचार करावा.

आपल्या नगररचना विभागाचे अधिकारी यावर म्हणतील की, प्रमाणपत्रे घेतल्यावाचून आम्ही भोगवटा देतच नाही. ते खरे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याला लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला आणि संरचना अभियंत्याचा स्थैर्याचा दाखला जोडावाच लागतो. महारेरानेही २०२४ मध्ये विकासकांनी बांधकामाच्या गुणवत्तेविषयी हमीपत्र प्रसिद्ध करावे असे सांगितले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु महोदय, या प्रत्येक दाखल्याच्या तळाशी असलेली सही कोणाची, याकडे आपण क्षणभर लक्ष द्यावे. वास्तुविशारद विकासकाने नेमलेला, संरचना अभियंता विकासकाने नेमलेला, दोघांचेही मानधन विकासक देणार, आणि हमीपत्र तर स्वतः विकासकाचेच. हे सारे लोक अप्रामाणिक असतात असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांतील कित्येक जण आपल्या विद्येशी इमान राखून काम करतात, हे मी जाणतो. तथापि ज्याच्या कामाची परीक्षा करावयाची त्याच्याच पगारावर परीक्षक असणे, ही रचनाच सदोष आहे. आणि सदोष रचनेत सज्जन माणसालाही दरवेळी आपल्या सज्जनपणाची किंमत मोजावी लागते.

या जिल्ह्याच्या कोणत्याही बाजार समितीत आपण गेलात, तर शेतकऱ्याचा माल मोजणारा मापाडी हा ना शेतकऱ्याचा नोकर असतो, ना व्यापाऱ्याचा. तो समितीने परवाना दिलेला तिसरा माणूस असतो. व्यापारी चोर आहे असे गृहीत धरून ही व्यवस्था झालेली नाही. तराजू ज्याच्या हातात त्याचा मालाशी स्वार्थ नसावा, एवढेच साधे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. चार पोती कांद्याच्या मोजणीला जे तत्त्व आपण आवश्यक मानले, ते आयुष्यभराच्या कमाईने घेतलेल्या घराला लागू करू नये, याला कोणते कारण देता येईल?

याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट ही की, आपला कायदा इमारतीची तपासणी मागतो, पण ती म्हातारी झाल्यावर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे पुरी झालेल्या इमारतीची, महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेण्याचे बंधन मालकावर आहे. आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, व त्यापुढील इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी असे सांगितले आहे. जणू पहिल्या पंधरा वर्षांत इमारतीला काही होतच नाही. परंतु महाडच्या ‘तारिक गार्डन’ या पाच मजली इमारतीने दहा वर्षेही पुरी केली नव्हती, तोच २४ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी ती जमीनदोस्त झाली आणि १६ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला; म्हणजे ज्यांच्या ज्यांच्या सहीने ती इमारत राहण्यायोग्य ठरली होती, ते सारे आरोपींच्या यादीत आले. त्यापूर्वी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला, जिचे काम अद्याप चालूच होते पण जिच्यात माणसे राहू लागली होती, अशी अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. ३० वर्षांची अट या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

संपन्न देशांनाही हा धडा अनुभवानेच शिकावा लागला आहे. २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात, त्याच वर्षी लोक राहावयास आलेल्या ‘ओपल टॉवर’ नामक उत्तुंग इमारतीला आतून तडे गेले आणि शेकडो रहिवाशांना घराबाहेर काढावे लागले. तेथील राज्य सरकारने चौकशीवर विषय संपविला नाही. त्याने इमारतींसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला, आणि २०२० मध्ये कायदा करून गंभीर दोष आढळल्यास भोगवट्याचा दाखलाच रोखून धरण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेस दिला. माणसे आत राहावयास जाण्यापूर्वीचा क्षण हाच शासनाच्या हातातील सर्वांत बळकट क्षण होय, हे त्यांनी ओळखले. तो क्षण महोदय, अहिल्यानगरात आपल्या सहीच्या स्वाधीन आहे.

केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घर घेणाऱ्यास मोठे संरक्षण दिले आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील अथवा सोयींतील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो मोबदला न घेता तीस दिवसांत दुरुस्त करावा, असे त्याच्या कलम १४ मध्ये आहे. परंतु हा हक्क बजावावयाचा तर पुरावा लागतो. तिसऱ्या वर्षी बाथरूमखालच्या छताला ओल आली, की विकासक म्हणतो, तुम्ही फरशी बदललीत; भिंतीला तडा गेला, की म्हणतो, तुम्ही खिळे ठोकलेत; आणि घर ताब्यात आले त्या दिवशी त्याची स्थिती काय होती याची कसलीच नोंद नसल्यामुळे रहिवासी निरुत्तर होतो. पहिल्या दिवशीचा त्रयस्थ अहवाल हाच त्या पाच वर्षांच्या हमीचा खरा पाया आहे. शिवाय, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील अथवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प या कायद्याच्या नोंदणीतून वगळलेले आहेत. आणि आपल्या शहरात एका प्लॉटवर सहा सदनिका, दोन प्लॉट मिळून चार रो-हाउसे, अशी जी छोटी छोटी बांधकामे चालतात, त्यांतील कित्येक या सवलतीत बसतात. तेथे तर महापालिकेचा नगररचना विभाग हाच घर घेणाऱ्याचा एकमेव आधार.

यास्तव माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. महापालिकेने अनुभवी संरचना अभियंत्यांची आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची एक नामिका तयार करावी. तपासणीचे शुल्क बांधकाम परवानगीच्या वेळीच महापालिकेकडे भरून घ्यावे, आणि परीक्षक विकासकाने निवडू नये, तर नामिकेतून पाळीपाळीने अथवा सोडतीने नेमला जावा, म्हणजे त्याची आमदनी विकासकाच्या मर्जीवर राहणार नाही. तपासणी तीन टप्प्यांत व्हावी : पाया भरण्यापूर्वी, प्रत्येक स्लॅब ओतण्यापूर्वी सळई उघडी असताना, आणि शेवटी भोगवट्याच्या अर्जाबरोबर. शेवटच्या तपासणीत कॉंक्रीटची मजबुती रिबाउंड हॅमरने आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहावी, गच्चीवर आणि नहाणीत पाणी साठवून गळती पाहावी, नळांना दाब देऊन सांधे पाहावे, अर्थिंग आणि विजेची गळती रोखणारी कळ चालते की नाही ते पाहावे. आणि हा अहवाल दप्तरात न पुरता भोगवटा प्रमाणपत्राबरोबर प्रत्येक घरमालकास द्यावा व महापालिकेच्या संकेतस्थळावर सर्वांस पाहता येईल असा ठेवावा. माणसांचा तुटवडा ही सबब येथे चालणार नाही. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे अभियांत्रिकी शिक्षणाच्या जुन्या संस्था आहेत. कॉंक्रीटचे ठोकळे दाबून पाहणारी यंत्रे आणि ती चालविणारे प्राध्यापक या जिल्ह्याने सहकाराच्या बळावर केव्हाच उभे केले आहेत.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, घर महाग होईल. तपासणीचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने अल्प असते. आणि ज्या खरेदीदाराकडून मुद्रांक शुल्कापोटी लाखांची रक्कम घेताना कोणी संकोच करीत नाही, त्याच्या जीविताच्या रक्षणासाठी थोडा खर्च करण्यास संकोच करणे न्याय्य नव्हे. दुसरा आक्षेप, आणखी एक दाखला म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक चिरीमिरी. ही भीती मी हलकी मानीत नाही. पण तिच्यावरचा उपाय तपासणी टाळणे हा नसून, अहवाल छायाचित्रांसह उघड्यावर ठेवणे आणि खोटा अहवाल देणाऱ्याचे नाव नामिकेतून कायमचे काढून टाकणे हा आहे. तिसरा आक्षेप असा की, हा चांगल्या विकासकांचा अपमान आहे. शहराच्या आग्नेयेस जो फराहबागेचा महाल आजही उभा आहे, तो पहिल्यांदा बांधून झाला तेव्हा मूर्तजा निजामशहाच्या पसंतीस उतरला नाही, आणि पाडून पुन्हा बांधला जाऊन १५८३ मध्ये सलाबतखानाच्या हातून पुरा झाला, असे इतिहास सांगतो. शहाला काम नापसंत करण्याचा अधिकार होता. आजच्या कारकुनाला निदान ते पारखून घेण्याचा अधिकार असावा, यात अपमान कोणाचा? चोख काम करणाऱ्यास तर अशी परीक्षा हवीच असते, कारण तिच्यामुळेच त्याचे काम हलक्या कामापासून निराळे उठून दिसते.

शेवटी या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातील एका वारशाची आपणास आठवण करून देतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून ज्या चळवळीला बळ मिळाले, तिच्यामुळे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाचा झाला. त्या कायद्यान्वये कोणताही नागरिक सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करू शकतो आणि त्यात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागू शकतो. सार्वजनिक रस्त्यातल्या डांबराचा नमुना मागण्याचा हक्क ज्याला मिळाला, त्याच नागरिकाला स्वतःच्या घराच्या कॉलममध्ये काय आहे हे जाणण्याचा मार्ग उपलब्ध नसावा, ही विसंगती या जिल्ह्याने तरी खपवून घेऊ नये.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, घर घेण्याच्या बेतात असलेल्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की, महापालिकेचा हुकूम होईपर्यंत थांबू नका. खरेदीपूर्वीच करारनाम्यात तपासणीचे कलम घालून घ्या, ताब्याची सही करण्यापूर्वी आपल्या पैशाने आपला अभियंता न्या, त्याचा अहवाल लेखी घ्या आणि त्याची प्रत विकासकाला देऊन पोच घ्या. जो विकासक यास नकार देईल, त्याच्या नकारातच तुमचा निर्णय सामावलेला आहे, असे समजा.

महोदय, नियमांची वाट न पाहता नामिका तयार करण्यास आणि इच्छुक विकासकांपासून हा शिरस्ता सुरू करण्यास आपणास कोणाची आडकाठी नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे तरी व्हावे, ही या शहराच्या एका रहिवाशाची आपणास कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
सावेडीतील एक रहिवासी